चपला शोधणारी बाई

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. काल दुपारच्या खेळाला जाऊन तुझा सिनेमा पाहून आले. सोबत शेजारच्या शिंपीणबाई होत्या. त्यांनी मध्यंतरापर्यंत स्वतःचा रुमाल भिजवला आणि मध्यंतरानंतर माझा मागून घेतला. मी काही रडले नाही. आत्या म्हणजे दगड, असं तू म्हणशील. दगड नाही गं, पण तळपायाची आग मस्तकात गेल्यावर डोळ्यांत पाणी कुठून येणार?

आधी चांगलं सांगते, म्हणजे नुसती खोड काढते असं व्हायला नको. लाँड्रीतलं तुझं काम फार सुरेख झालंय. इस्त्रीची धग गालाजवळ धरून बघतेस, बाह्या आधी आणि कॉलर शेवटी करतेस, ते पाहून शिंपीणबाईंनी मान डोलावली. सिनेमातली तुझी पोर मागच्या हौदाकडे जाते तेव्हा सगळ्या थेटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

आता मुद्द्याचं. बुडालेल्या पोरीला हौदातून बाहेर काढून इस्त्रीच्या टेबलावर आणून निजवतात. आई, म्हणजे तू, खोलीत येते. येते आणि काय करते, तर चपला शोधते! टेबलाखाली वाकते, कपड्यांच्या टोपलीमागे बघते, डाव्या पायातली उजव्या पायात घालते, दुसरी सापडतच नाही, तशीच दाराकडे धावते, दारात अडते, मग वळते आणि किंचाळते. लोक ओक्साबोक्शी रडत होते. मी मात्र विचार करत होते की जिचं मूल समोर निजलंय, ती कुठे निघाली? ज्याला दुसरीकडे कुठेतरी पोचायचंय तोच चपला शोधतो. आणि दारात तू अडलीस कशाला? तिथे तर कुणी नव्हतं.

तीस वर्षं मी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंग केलंय. नटाला पुढचं माहीत असतं, म्हणून वाक्याच्या आधी तो नकळत श्वास भरून घेतो. त्या श्वासावरूनच मी ठरवायची की शब्द पुरवायचा की गप्प बसायचं. काल त्या किंकाळीआधी तू श्वास घेतला नाहीस. त्या खोलीत तुला पुढचं माहीत नव्हतं.

सोबत तुझ्या दिग्दर्शकाच्या मुलाखतीचं कात्रण पाठवते. त्यात तो म्हणतो की बारा ऑक्टोबरला एकाच टेकमध्ये चमत्कार घडला आणि तो कसा घडवला हे तो मरेपर्यंत सांगणार नाही. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. त्याने काय केलं ते मला तुझ्याकडून हवंय.

लोभ आहेच. उत्तर टाळलंस तर पातळ करीन.

तुझी,
आत्या


९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. पत्र वाचून पोट धरून हसले. सगळी वर्तमानपत्रं त्या चपलांना डोक्यावर घेऊन नाचतायत आणि माझी आत्या विचारते, बाई निघाली कुठे! तुझं प्रॉम्प्टिंग सुटलं, पण सवय सुटली नाही. कुठे काय चुकलंय हेच तुला आधी दिसतं.

अगं, चपला सुचल्या त्या क्षणी. होतं असं कधीकधी. दारात तोल गेला असेल. आता त्यावर जास्त काथ्याकूट नको. त्याच प्रसंगासाठी माझं नाव पुरस्काराच्या यादीत गेलंय, सोहळा पुढच्या महिन्यात आहे. तुला यायचंय. बाबांना नवा सदरा शिवायला सांग, जुन्याच्या खिशाला ग्रीसचे डाग आहेत.

पुढच्या सिनेमाचं चित्रीकरण एक मार्चपासून, तालमी आत्ताच सुरू आहेत. दिग्दर्शक हेच. माझ्याबरोबर सात वर्षांची एक मुलगी आहे. दोन दात पडलेले आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. मला ती मावशी म्हणते आणि माझ्या पिशवीतल्या गोळ्या मला विचारून चोरते. आम्हा दोघींचं मेतकूट जमलंय.

झोप जरा कमी लागते, बाकी ठीक. बाबांना सिनेमाविषयी उगीच काही विचारत बसू नकोस. ते खूश आहेत.

लोभ पातळ करू नयेस, ही विनंती.

तुझी,
भिंगरी


१५ फेब्रुवारी

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तुझं कार्ड पोचलं. तुला हल्ली भिंगरीची फार चौकशी. बारा ऑक्टोबरला तिचा काही निरोप आला होता का, असं विचारतेस. निरोप नाही, फोन आला होता. तारीख पक्की लक्षात आहे, कारण त्या दिवशी भाजीबाजारातल्या वजनकाट्यांची वार्षिक तपासणी होती आणि मी सकाळपासून तिकडे अडकलो होतो. दुकानात परत आलो तर शेजारचे औषधवाले धावत आले. म्हणाले, मुलीचा तीनदा फोन येऊन गेला आणि तुम्ही दुकानात नाही म्हटलं की ती काही न बोलता ठेवून देते. तेवढ्यात चौथ्यांदा वाजला.

मी हॅलो म्हटलं आणि पोर रडायलाच लागली. काय झालं विचारलं तर सांगेना. नुसतं म्हणे, बाबा, बोलत राहा. आता मी काय बोलणार? तुला माहीतच आहे, आमच्या घरात बोलायचं खातं तुझ्याकडे. भंगारवाल्याचा काटा दर मणामागे कसा कमी दाखवत होता आणि त्याची स्प्रिंग मी कशी बदलली, ते अथपासून इतिपर्यंत सांगितलं. औषधवाल्यांना वाटलं मी तिला धंदा शिकवतोय. मग ती शांत झाली. परक्या ठिकाणी आठवण आली असेल. तिची आई गेल्यापासून तिला मीच तर आहे.

सिनेमा दोनदा पाहिला. चपला शोधते त्या प्रसंगाला मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांना सांगितलं की ही माझी मुलगी. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. शाळेला उशीर झाला की ती अशीच टेबलाखाली वाकून चपला शोधायची आणि उलट्या घालून पळायची. तेच तिने किती छान वापरलं, नाही?

लोभ असतोच, तरी लिहायची रीत म्हणून लिहितो.

तुझा,
धाकटा


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही. तुझ्या बापाचं पत्र आलंय. बारा ऑक्टोबरला तू त्याला चार वेळा फोन केलास आणि बोलत राहा म्हणालीस. त्याला वाटतं तुला घरची आठवण आली होती. तो भोळा आहे, मी नाही.

मी काल रात्रभर जोडत बसले नाही, मला लगेचच कळलं. तुला कुणीतरी सांगितलं होतं की तुझा बाप गेला. म्हणून तू चपला शोधल्यास. तुला घरी पोचायचं होतं. मी चुकत असेन तर तसं लिही, मी तुझ्या दिग्दर्शकाच्या फोटोला हार घालीन आणि माझं तोंड काळं करीन.

पण बरोबर असेन, तर पुढचं ऐक. रंगभूमीवर मी राजे मरताना पाहिले, आया वेड्या होताना पाहिल्या. पडदा पडला की तेच राजे चहात साखर कमी आहे म्हणून भांडायचे. त्यालाच अभिनय म्हणतात. कुणाच्या काळजात खिळा ठोकायचा आणि ओरडला की त्याचं चित्र काढून तिकीट लावायचं, याला काय म्हणतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आणि वर हा माणूस चमत्काराच्या गप्पा मारतो. चोर तो चोर, वर शिरजोर!

थेटरात तीनशे माणसं तुला खरोखर दुखताना बघून, काय छान केलंय म्हणत होती. त्यांचा दोष नाही. तुझा बापही त्यांच्यातच बसला होता.

खरं लिही. लोभ जाड झालाय, काळजी नको.

आत्या


२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र तीन दिवस उशीखाली होतं. आज लिहिते.

त्या सकाळी त्या प्रसंगाच्या सहा तालमी झाल्या होत्या. त्यात मी पोरीचा ओला फ्रॉक छातीशी धरून खाली बसायचे. दिग्दर्शक दर वेळी मान हलवायचे. म्हणायचे, खोटं वाटतंय. मग दिवे लागले, कॅमेरा सुरू आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाले की दुकानातून फोन आला होता, बाबा काम करता करता कोसळले, गेले. एवढं बोलून ते बाजूला झाले.

नंतरचं मला नीट आठवत नाही, ते मी तुझ्यासारखंच पडद्यावर पाहिलं. चपला शोधल्या ते खरं. दारात कुणी नव्हतं असं तुला दिसलं, पण होतं. कॅमेऱ्याला दिसणार नाही असा सहायक दिग्दर्शक दोन्ही हात पसरून आडवा उभा होता. मी त्याला जाऊ दे म्हणून विनवत होते, तो आवाज त्यांनी नंतर काढून टाकला. मग किंचाळले. सुरुवातीला पाटी आपटून क्लॅप देता आला नाही की तो शेवटी देतात आणि पाटी उलटी धरतात. कुणीतरी माझ्या तोंडासमोर उलटी पाटी आणली, तेव्हा मला कळलं की हे चित्रीकरण होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शकांनी मला मिठी मारली आणि हसत म्हणाले की बाबा ठणठणीत आहेत, या टेकसाठी तू जन्मभर माझे उपकार मानशील.

फोन होता मैलभर लांबच्या पेट्रोल पंपावर. एका पायात चप्पल घालून गेले. आणि आत्या, औषधवाले म्हणाले, बाबा दुकानात नाहीत. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. तेव्हा मला वाटलं की पहिलं खरं होतं आणि दुसरं मला सावरण्यासाठी सांगितलं. तो पाऊण तास कुणाच्याच सिनेमात नाही. रात्री अजून मी त्याच पंपावर उभी असते.

गप्प का राहिले? तूच शिकवलंस. सहा वर्षांची असताना मी तुझ्या मांडीवर बसून तालमी पाहायचे. दिग्दर्शक सांगेल ते करायचं आणि तालमीतलं तालमीच्या दाराबाहेर न्यायचं नाही, हे मी अक्षरांच्या आधी शिकले. शिवाय लोक टाळ्या वाजवत होते. सगळं जग छान म्हणत असताना मला लागलं असं कसं म्हणायचं?

पण आता वेगळंच आहे. काल मी मेकअपच्या खोलीत होते आणि पलीकडे दिग्दर्शक सहायकाला समजावत होते. त्या सात वर्षांच्या मुलीचा मोठा रडण्याचा प्रसंग चार मार्चला आहे. त्या दिवशी तिच्या आईला काहीतरी कारण काढून बाहेर पाठवायचं आणि मुलीला सांगायचं की आई तुला इथे सोडून गेली, आता येणार नाही. तिची आई एका शाळेत शिपाई आहे, रजा काढून सोबत येते, आणि दिग्दर्शकांना देव मानते.

मी काय करू? माझा करार झालाय. बोलले तर हे काम गेलंच आणि पुढे कुणी घेणार नाही. बाबांना यातलं काही सांगू नकोस, तुला माझी शपथ. त्यांनी टाळ्या वाजवल्यात, आत्या. त्यांना हे कळलं तर ते त्या टाळ्यांचं काय करतील?

लोभ असावा. मला तो आत्ता फार हवाय.

तुझी,
भिंगरी


२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. शपथ मोडली. रागवायचं तर खुशाल रागव. पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून स्वतः गाडीत बसून तुझ्या बापाच्या दुकानात गेले आणि त्याला सगळं सांगितलं. ज्याच्या मरणाचा सौदा झाला, त्यालाच तेवढं माहीत नाही, हे मला सहन होईना.

तो एका किराणा दुकानदाराचा काटा दुरुस्त करत होता. माझं बोलणं होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. स्क्रू पिळला, पाच किलोचं वजन ठेवून बघितलं, उतरवलं, परत ठेवलं. मग हात धुतले आणि विचारलं की त्या दिवशी मी बाजारातून किती वाजता परत आलो होतो. मला कसं ठाऊक असणार? तो औषधवाल्यांना विचारून आला. नंतर स्टुलावर बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला. टाळ्यांचं काय करतील, असं तू विचारलं होतंस ना, तर हे केलं. मला वाटलं आता रडेल. तो म्हणाला की तिने चार वेळा फोन केला आणि मी तिला स्प्रिंगची गोष्ट सांगितली. सकाळी अकरा वाजता त्याने शटर ओढलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. पुढे काय करणार ते मला सांगितलं नाही, फक्त तुझ्याकडे येणाऱ्या गाडीची वेळ विचारली.

आता माझं. तू लिहिलंस, तूच शिकवलंस. ते वाचून माझ्या कानाखाली कुणीतरी वाजवल्यासारखं झालं, आणि बरं झालं. हो, मीच शिकवलं. मलाही कुणीतरी असंच शिकवलं होतं आणि मी ते तपासून न बघता तुझ्या पदरात टाकलं. एकदा एका दिग्दर्शकाने एका नवख्या मुलीला भर तालमीत ओल्या लाकडाने मारलं होतं, रडणं खरं यावं म्हणून. मी वहीत डोकं घालून पुढचं पान उलटलं. ती मुलगी परत कधी नाटकात दिसली नाही. सगळ्या नटांना शब्द पुरवले, आणि तिच्या वेळी माझ्याच तोंडाला कुलूप.

म्हणून आज शब्द पुरवते. घे. पोरीच्या आईकडे जा आणि सांग. पोरीला सांग. मग त्या माणसाच्या तोंडावर सांग. काम गेलं तर जाऊ दे, माझ्या घरात दोन माणसांपुरतं अन्न शिजतं. तुझा आवाज फुटला नाही तरी चालेल, शब्द चुकले तरी चालतील. श्वास मात्र घे.

लोभ आहे, आणि राग तुझ्यावर नाही.

आत्या


७ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. शपथ मोडलीस म्हणून दोन दिवस तुझ्यावर खरंच रागावले होते. तिसऱ्या दिवशी राग ठेवायला जागा उरली नाही.

तीन तारखेला दुपारी मुलीच्या आईला सांगितलं. तिला आधी पटेना. एवढा मोठा माणूस असं कशाला करेल, म्हणाली. तेव्हा मेकअप करणाऱ्या ताईंनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि म्हणाल्या की मागच्या वेळी मला माहीत होतं, मी गप्प बसले, ही बाई सांगते ते खरं आहे. मग आईने मुलीला जवळ ओढलं ते सोडेचना. मुलीला मी सांगितलं की उद्या कुणी काहीही म्हणालं तरी आई त्या निळ्या पडद्यामागे असेल आणि तुला रडायचं सोंग करायचंय. तिने विचारलं, सोंग किती मोठं करू?

दुसऱ्या दिवशी सकाळी सेटवर गेले तर कॅमेऱ्याच्या शेजारी बाबा बसलेले. दुकानातलं लाकडी स्टूल घेऊन आले होते, गाडीतून, मांडीवर धरून! दिग्दर्शकांनी ओळखलं. धावत येऊन हात पुढे केला आणि तुमची मुलगी म्हणजे रत्न आहे, असं म्हणाले. बाबांनी हात दिला नाही. शांतपणे म्हणाले की मी काटे दुरुस्त करतो, काटा मारणारा माणूस मला उजेडात ओळखता येतो. मी मेलो असं तुम्ही सांगितलंत, तर मी जिवंत आहे हे दाखवायला आलोय, आणि हे चित्रीकरण संपेपर्यंत रोज इथेच बसणार आहे. आवाज चढवला नाही, आत्या. गिऱ्हाइकाला दुरुस्तीचा दिवस सांगतात तसं सांगितलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी श्वास घेतला. मग सगळ्यांसमोर सांगितलं, बारा ऑक्टोबरचं आणि आजचं ठरलेलंही. मध्ये दोनदा शब्द अडले. तिसऱ्यांदा अडले तेव्हा दारात हात पसरून उभा राहिलेला तोच सहायक मान खाली घालून म्हणाला की हे खरं आहे. दिग्दर्शक म्हणाले, तुम्हा लोकांना कलेतलं काही कळत नाही, आणि बाहेर निघून गेले. तासाभराने परत आले, कारण निर्मात्यांनी पाठवलं.

प्रसंग झाला. मुलीची आई निळ्या पडद्यामागे, तिच्या पायांची बोटं मुलीला दिसतील अशी. पोर अशी रडली की दिवे सांभाळणाऱ्यांनी डोळे पुसले. कट म्हटल्याबरोबर तिने नाक पुसलं आणि जेवायला कधी सोडणार ते विचारलं. दिग्दर्शक पुटपुटले की यात सत्य नाही. बाकीच्यांना ते दिसलं.

माझे तीन प्रसंग कापलेत. पुढचा सिनेमा मिळणार नाही, हे त्यांनी मला ऐकू येईल असं कुणाला तरी सांगितलं. पुरस्काराच्या समितीला मी कळवलं होतं की तो प्रसंग म्हणजे अभिनय नव्हता, मला फसवून घेतलाय, कृपया नाव काढा. त्यांचं उत्तर आलं. त्यांनी माझ्या विनम्रतेचं कौतुक केलंय! वाचून मी आधी चिडले, मग बाबांना दाखवलं, मग आम्ही दोघं पुष्कळ हसलो. सोहळ्याला मी जाणार आहे आणि तिथे विनम्र राहणार नाही. तू पहिल्या रांगेत बस. शब्द अडला तर पुरव.

काल माझा एक प्रसंग होता, तो कापलेला नाही. बाई एकटी खोलीत येते आणि तिला मुलगी गेल्याचं कळतं. पुन्हा तसलंच दुःख. दिवे लागले. नजर आपोआप खाली गेली, जमिनीवर शोधायला लागली. मग कॅमेऱ्याशेजारचं स्टूल दिसलं. त्याच्याखाली बाबांच्या चपला होत्या, काढून नीट जोडीने ठेवलेल्या. ज्याच्याकडे पोचायचं होतं ते माणूस आधीच येऊन बसलं होतं. मी मुलीचा फ्रॉक उचलला, छातीशी धरला आणि लिहिलं होतं तसं खाली बसले.

बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. विचारलं, लागलं नाही ना? मी नाही म्हटलं, तेव्हा वाजवल्या.

लोभ आहे तसाच असू द्यावा, जाड.

तुझी,
भिंगरी